सपोर्ट संपल्यावर

11 जून 2012 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलने एकाच कार्यक्रमात दोन घडणींचे मॅकबुक प्रो जाहीर केले. त्यातला एक पातळ, रेटिना पडद्याचा. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं. त्याची मेमरी बोर्डालाच झाळलेली होती आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. दुसरा जुन्याच घडणीचा, जाडसर, कडेला डीव्हीडीची खाच असलेला. त्याचं मागचं झाकण दहा स्क्रूंनी बसवलेलं. ते काढले की मेमरीच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क, पंखा, बॅटरी सगळं समोर, हात पोहोचेल असं. पुढचे लॅपटॉप पहिल्याच्या वाटेने गेले. तरी दुसऱ्या घडणीचा तेरा इंची लॅपटॉप ऑक्टोबर 2016 पर्यंत विकला जात होता, आणि डीटीपी करणाऱ्यांकडे, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्यांकडे तो आजही दिसतो. माझी अनुवादाची आणि मुद्रितशोधनाची कामं इतकी वर्षं त्याच्यावरच झाली आहेत.

या लॅपटॉपला कंपनीकडून मिळालेली शेवटची प्रणाली म्हणजे मॅकओएसची 2019 ची आवृत्ती, कॅटलिना. 2020 च्या नोव्हेंबरात तिच्या पुढची बिग सर आली तेव्हा ती चालणाऱ्या मॉडेलांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कॅटलिनाला सुरक्षेच्या दुरुस्त्या जुलै 2022 पर्यंत मिळत राहिल्या, मग त्याही थांबल्या. सपोर्ट संपला म्हणतात तो असा. त्या दिवशी लॅपटॉप नेहमीसारखाच सुरू झाला होता. कळफलकाची एकही कळ अडत नव्हती, पडदा स्वच्छ होता, त्यावर लिहिलेलं एकही पान हरवलं नव्हतं. बदललं होतं ते एवढंच, की त्याच्यातल्या उणिवा शोधून बुजवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते थांबवलं होतं.

ही गोष्ट कळायला वेळ लागतो. आधी ब्राउझरच्या माथ्यावर एक पट्टी येते: यापुढे नवी आवृत्ती मिळणार नाही. क्रोमने 2024 मध्ये कॅटलिनाला आवृत्त्या देणं थांबवलं. मग एखादं संकेतस्थळ अर्धवट उघडतं, बटण दिसतं पण दाबलं जात नाही. मग प्रकाशकाकडून आलेली फाइल उघडत नाही, कारण ती ज्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत बनली ते इथे बसतच नाही. यंत्र जागच्या जागी असतं आणि भोवतालचं जग एकेक पाऊल पुढे सरकत राहतं. घरातली माणसं म्हणतात, नवा घेऊन टाक. त्यांचं म्हणणं प्रेमापोटी असतं, आणि व्यवहार पाहिला तर चूकही नसतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी जाऊन पोहोचला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. मुलांच्या शाळेसाठी, दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेले कितीतरी लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. ते चालतात, पण बसत नाहीत. चालणं आणि यादीत बसणं यांत किती अंतर असू शकतं, हे त्या काळात ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागत होतं.

कंपन्यांची बाजू मला समजते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. प्रत्येक जुन्या ग्राफिक्स चिपसाठी, वाय-फाय कार्डासाठी कुणाला तरी ड्रायव्हर सांभाळावा लागतो, प्रत्येक बदलानंतर तो तपासावा लागतो. हे काम न दिसणारं आणि न संपणारं आहे. युरोपीय संघाने मोबाइल आणि टॅब्लेटसाठी 20 जून 2025 पासून नियम लागू केला: त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं प्रणालीच्या अद्ययावत आवृत्त्या द्यायच्या. लॅपटॉपला तो नियम लागू नाही, पण त्याच मापाने मोजलं तर माझ्या लॅपटॉपची विक्री 2016 मध्ये थांबली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या 2022 पर्यंत आल्या. म्हणजे माप भरतं. तरी माझा आक्षेप उरतोच. पाच वर्षं हे कागदावरचं वय आहे. ॲल्युमिनिअमच्या एका ठोकळ्यातून कोरून काढलेलं अंग, हवी तेव्हा बदलता येणारी मेमरी, डिस्क, बॅटरी, असं यंत्र पाच वर्षांत संपत नाही. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनचा मोठा वाटा तो घडवतानाच खर्च झालेला असतो. वापरताना जळते ती वीज त्यामानाने थोडी. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला 22.3 टक्केच नोंद ठेवून, रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. ज्याच्यात काही बिघडलेलं नाही ते यंत्र या ढिगात टाकायला माझा हात उचलत नाही.

म्हणून मी ठरवलं, याच्यावर नवी प्रणाली बसवायची.

त्याआधी शरीर ठीक करणं भाग होतं. लॅपटॉप मधूनच अडायचा, चाक फिरत राहायचं, कधी सुरू होताना प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर दाखवायचा. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत अजूनही अशी दुकानं आहेत जिथे माणूस यंत्र उघडून बघितल्याशिवाय मत देत नाही. तिथल्या कारागिराने झाकण काढलं. दहापैकी तीन स्क्रू लांब असतात, बाकीचे आखूड; त्याने ते ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवले. पंख्याच्या तोंडाशी धुळीची करड्या रंगाची जाड घडी बसली होती, ती चिमट्याने उचलल्यावर एकसंध बाहेर आली. मग त्याने डिस्क काढली आणि बाहेरून यूएसबीला जोडली.

“ताई, डिस्क बरी आहे. केबल गेलीय.”

“कशावरून, दादा?”

“बाहेर लावली तर लगेच दिसते. आत लावली की हरवते.”

ती केबल म्हणजे कागदाच्या जाडीची काळी पट्टी. डिस्कपासून निघून धातूच्या अंगाला चिकटून बोर्डापर्यंत जाते आणि वळणावर घासली जाते. एक तपाहून जास्त वापरात ती झिजणारच. त्याने नवी घातली, आणि घालण्याआधी जिथे ती धातूला टेकते तिथे चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. तो त्याला कुणी सांगितला नव्हता. असे कितीतरी लॅपटॉप हाताखालून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलेलं ते शहाणपण. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आली, मेमरी 16 जीबी झाली. कंपनीच्या कागदावर या मॉडेलला 8 जीबीच लिहिलेली आहे. बोर्ड 16 निमूट घेतो.

आता मुख्य काम. ओपनकोअर लेगसी पॅचर या नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. डॉर्टानिया नावाने एकत्र काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी ते बनवलं, आणि त्याच्या पोटात ओपनकोअर नावाचा बूटलोडर आहे. तो मुळात मॅक नसलेल्या संगणकांवर मॅकओएस चालवण्याच्या खटाटोपातून जन्मला. यंत्र सुरू होताना लॅपटॉपचं स्वतःचं फर्मवेअर आधी ओपनकोअरला उठवतं, आणि ओपनकोअर मग प्रणालीला उठवतो. परक्या गावात आपल्या वतीने दोन शब्द टाकणारा जाणता माणूस असावा, तसा तो मध्ये उभा राहतो: हे मॉडेल चालेल, याला आत घ्या. ज्या ड्रायव्हरांची आणि सुधारणांची गरज आहे ते तो सुरू होतानाच मेमरीत ठेवून देतो. इथवर डिस्कवरच्या प्रणालीला धक्काही लागत नाही.

माझ्यापुढे पर्याय होते. मी सोनोमा निवडली, 2023 सालची. पेन ड्राइव्हवर तिची प्रत उतरवली, त्याच पेन ड्राइव्हवर ओपनकोअर घातला, सगळ्या फायलींची वेगळ्या डिस्कवर प्रत करून ठेवली, ऑप्शनची कळ दाबून धरत लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर पेन ड्राइव्हचं चिन्ह आलं. पुढचं बहुतेक वाट बघणं असतं. पट्टी सरकते, लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पट्टी पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागते. ते सोडून देते.

सोडवत नाही ती एक गोष्ट आहे, आणि या सगळ्या प्रकरणात माझं मन सर्वांत जास्त तिच्यात गुंतलं. इंटेलने 2013 च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून एव्हीएक्स-2 नावाचा नवा आज्ञासंच दिला. माझ्या लॅपटॉपमधला आयव्ही ब्रिज त्याच्या आधीच्या पिढीचा. त्याला त्या आज्ञा कळतच नाहीत. 2022 मध्ये व्हेंचुरा आली तेव्हापासून इंटेल मॅकसाठीच्या मॅकओएसच्या मुळाशी असलेल्या सामाईक लायब्रऱ्या या आज्ञा गृहीत धरून बांधलेल्या आहेत. म्हणजे नुसतं यादीत नाव घालून भागणारं नव्हतं. प्रणाली जी भाषा बोलते तीच या प्रोसेसरला येत नव्हती. इथे सगळं थांबायला हवं होतं.

पण 2020 मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिप बनवायला घेतल्या होत्या. त्या नव्या मॅकवर लोकांची जुनी, इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर चालावीत म्हणून रोझेटा नावाची दुभाषी व्यवस्था दिली होती. त्या रोझेटालाही तेव्हा एव्हीएक्स-2 येत नव्हतं. म्हणून नव्या मॅकसाठी त्याच इंटेल लायब्रऱ्यांची एक प्रत वेगळी ठेवावी लागली, एव्हीएक्स-2 वगळून बांधलेली. पॅचर बनवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी नव्या मॅकसाठी ठेवलेली ती प्रत उचलून जुन्या इंटेल लॅपटॉपांवर बसवण्याची सोय केली. ज्या चिपमुळे इंटेल मॅकचे दिवस भरत आले, तिच्यासाठी केलेल्या तरतुदीवर माझा आयव्ही ब्रिज आज चालतो आहे. ही वाट कुणी मुद्दाम आखलेली नव्हती. कुणीतरी कोड वाचत बसलं, त्या दोन प्रतींमधला फरक त्याच्या नजरेने टिपला, आणि त्याच्या मनात एक शंका आली की ही प्रत तिथेही चालेल का. अशी शंका येण्यासाठी माणसाला जुन्या यंत्राबद्दल मनापासून काहीतरी वाटावं लागतं. नुसत्या हुशारीने ती येत नाही.

सोनोमा बसली तेव्हा लॅपटॉप सुरू झाला, पण खुरडत. खिडकी ओढली की तुकड्या-तुकड्यांनी सरकायची. वरची पट्टी अपारदर्शक, मळकट. खालची डॉकची चिन्हं अडखळत उठायची. वाय-फाय नावालाही नाही. याचं कारण ठाऊक होतं. इंटेल एचडी 4000 या ग्राफिक्सचे ड्रायव्हर 2021 च्या मॉन्टेरेपासून मॅकओएसमधून काढून टाकलेले आहेत, आणि या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वाय-फाय कार्डाचे ड्रायव्हरही सोनोमात नाहीत. नेटसाठी लांब केबल आणून राउटरला जोडली. या जुन्या लॅपटॉपला केबलचं भोक आहे, हे त्या दिवशी फार मोलाचं वाटलं. मग पॅचरमधला रूट पॅच चालवला. पडद्यावर पांढऱ्या चौकटीत एकेक ओळ उमटत गेली: जुन्या आवृत्तीतून जपून ठेवलेल्या ड्रायव्हरांच्या फायली एकामागून एक आपापल्या जागी परत ठेवल्या जात होत्या. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. या खेपेला खिडकी बोटाबरोबर सरकली. वरच्या पट्टीतून मागच्या चित्राचा रंग झिरपत होता. उजव्या कोपऱ्यात वाय-फायचा पंखा भरलेला.

मी आधी मराठी कळफलक लावला आणि “दऱ्याखोऱ्यांतून” टाइप केलं. तो चंद्रकोरीसारखा र जिथे मोडतो तिथे माझं काम मोडतं, म्हणून कुठल्याही नव्या यंत्राची परीक्षा मी तिथून सुरू करते. अक्षर जसं हवं तसं उमटलं. मग शंभरेक पानांची फाइल उघडून शेवटच्या पानावर गेले, मधल्या पानावर आले, शोधा-बदला चालवलं. नवा लॅपटॉप याहून वेगाने करेल यात शंका नाही. माझ्या कामाला तो वेग लागत नाही. मुद्रितशोधनात थांबायचं असतं ते माणसाला, वाक्यावर.

याची किंमत काय, हेही सांगायला हवं, कारण उत्साहात ते राहून जातं. बिग सरपासून मॅकओएसचा मूळ भाग मोहरबंद असतो. एकही फाइल बदलली की मोहर तुटते आणि यंत्राला ते कळतं. ती सुरक्षेची भिंत आहे. रूट पॅच चालवायचा तर ती मोहर तोडावी लागते, आणि प्रणालीचं स्वतःचं आणखी एक संरक्षण अर्धवट सैल करावं लागतं. म्हणजे एका हाताने नव्या दुरुस्त्या घ्यायच्या आणि दुसऱ्या हाताने एक कडी काढून ठेवायची. माझ्या मते कॅटलिनावर दुरुस्तीविना बसून राहण्यापेक्षा हे बरं, पण बँकेचे व्यवहार मी या लॅपटॉपवर करत नाही. प्रत्येक अद्ययावत आवृत्तीनंतर रूट पॅच पुसला जातो आणि पुन्हा चालवावा लागतो. मोहर तुटलेली असल्यामुळे छोटी दुरुस्तीही सबंध प्रणालीइतकी, कित्येक जीबींची उतरते. ज्यांच्याकडे हे एकच यंत्र आहे, फायलींची दुसरी प्रत नाही आणि उद्या सकाळी काम द्यायचं आहे, त्यांना मी हे करायला सांगत नाही. विचारलं तर स्पष्ट नको म्हणते.

तरी मला हे करण्यासारखं वाटतं, आणि नुसते पैसे वाचतात म्हणून नाही. सपोर्ट हा शब्द आपण वॉरंटीच्या कागदावरच्या तारखेसारखा वाचतो, जणू दुधाच्या पिशवीसारखं यंत्र त्या दिवशी नासतं. प्रत्यक्षात सपोर्ट म्हणजे कुणीतरी माणूस रोज उठून करत असलेलं काम. कंपनीतल्या माणसाने ते थांबवलं, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी, मला कधीही न भेटलेल्या माणसाने, पगाराशिवाय ते हातात घेतलं. नवी आवृत्ती आली की हे लोक ती उघडून बघतात, या वेळी काय काढून टाकलंय ते शोधतात, आणि आपापल्या टेबलावरच्या जुन्या मॅकवर ते परत बसवून बघतात. बुधवार पेठेतल्या त्या कारागिराने केबलखाली लावलेली पट्टी आणि या लोकांनी लिहिलेला कोड यांत मला एकच वृत्ती दिसते. दोघांनाही यंत्र फेकायचं नाही, समजून घ्यायचं आहे. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू केलं. सुटे भाग, माहितीपुस्तिका, अधिकृत दुरुस्ती यांबद्दल तिथे बोललं जातं, ते चांगलंच आहे. मला त्यात ड्रायव्हरही हवे आहेत. ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राचं सॉफ्टवेअर सोडून देते, त्या दिवशी त्याच्या चिपची माहिती आणि ड्रायव्हरचा कोड खुला करावा, एवढं तरी कायद्याने मागता यायला हवं. ज्यांना सांभाळायचं आहे त्यांना अंधारात चाचपडत सांभाळायला लावणं योग्य नाही.

ही वाटही आता अरुंद होत चालली आहे. जून 2025 मध्ये ॲपलने सांगितलं की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली. तिच्या पुढची इंटेलसाठी बनणारच नाही, आणि रोझेटाही त्या पुढच्या आवृत्तीनंतर आजच्या रूपात राहणार नाही. जे कधी बांधलंच नाही ते कितीही कुशल माणूस पॅच करून आणू शकत नाही. सोनोमाच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आजवरचा रिवाज पाहता फार काळ येणार नाहीत. त्यानंतर या लॅपटॉपवर लिनक्स जाईल. त्याची तयारी मी सुरू केली आहे: डेबियनचा पेन ड्राइव्ह लावून, डिस्कला हात न लावता लॅपटॉप सुरू करून पाहिला. एचडी 4000 साठीचा ड्रायव्हर तिथे आजही कुणीतरी सांभाळतं आहे, पडदा लगेच नीट उमटला. वाय-फायसाठी ब्रॉडकॉमचं फर्मवेअर वेगळं मिळवून घालावं लागलं, मग तेही लागलं. मराठी कळफलकही चालतो. आता माझ्या प्रकाशकांच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फायली तिथे कशा उघडायच्या, ते शोधते आहे.